एलोते जेवत नाही

कुणी एकटं जेवत असेल तर आपणही ताट घेऊन शेजारी बसावं, असं माझं लहानपणापासूनचं मत आहे. मत चांगलं आहे, त्यात वाईट काहीच नाही. पण जेवणारी व्यक्ती पाल असेल तर हे मत गुंडाळून ठेवावं, एवढं मला कुणीतरी वेळेवर सांगायला हवं होतं.

पाल म्हणजे दिवा लागला की भिंतीवर येते ती नव्हे. ही पाळलेली. काचेच्या पेटीत राहणारी, जाड शेपटीची, पिवळ्या अंगावर काळे ठिपके असलेली. अगदी भाजलेल्या मक्याच्या कणसासारखी दिसते, म्हणून माझ्या मुलीने तिचं नाव एलोते ठेवलं. आमच्या वाहाका प्रांतात कणसाला एलोतेच म्हणतात. एलोते नर आहे, म्हणून यापुढे मी त्याला 'तो' म्हणेन. (मला घरात काय काय म्हणतात ते पुढे येईलच.)

मुलगी दोनाखी. एकुलती एक. या वर्षी ती पुएब्लाला शिकायला गेली आणि तिथल्या वसतिगृहात पाल चालत नाही असं कळलं. त्यावर आमच्या घरात गंभीर बैठक झाली. माझी बायको ओबदुलिया घराच्या पुढच्या भागात बेकरी चालवते. तिने आधीच जाहीर केलं, "ज्या घरात मी पाव विकते त्या घरात पिठातल्या अळ्यांचा डबा मी सांभाळणार नाही. लोकांनी बघितलं तर माझ्या पावाला कुत्रं विचारणार नाही." एलोते या अळ्या खातो. सासूबाई, दोन्या तोमासा, म्हणाल्या, "सोडून द्या बागेत. देवाने निर्माण केलाय, देव बघेल." दोनाखीचे डोळे भरून आले. आणि मी म्हणालो, "मी बघतो."

इथे सांगायला हवं की मी जन्म-मृत्यू नोंदणीच्या कचेरीत कारकून आहे. तिथे मी दिवसभर खिडकीतून "मी बघतो" हेच म्हणतो. लोक घरी जातात, आणि पुढे काही होत नाही. कचेरीतल्या लोकांना ते माहीत असतं. घरच्या लोकांची अडचण अशी की ते लक्षात ठेवतात.

बसस्टँडवर दोनाखीने मला सगळं नीट समजावून सांगितलं. काय द्यायचं, किती द्यायचं, कुठल्या वस्तूला हात लावायचा नाही. मी "हो, हो" म्हणत होतो. खरं सांगायचं तर मला एक शब्द ऐकू आला नाही. मी फक्त तिच्या तोंडाकडे बघत होतो आणि आपण रडायचं नाही असं स्वतःला बजावत होतो. बस हलली तशी तिने खिडकीतून डोकं काढलं आणि ओरडली, "बाबा, एलोतेला काही झालं ना, तर मी परत घरी येणार नाही!"

बाकीचे हसले. मी नाही हसलो. पोरगी माझ्यासारखी आहे, बोलते ते करत नाही, असं ओबदुलिया म्हणते. पण एखादे वेळी केलं म्हणजे?

सुरुवातीला सगळं झकास चाललं होतं. संध्याकाळी मी बशीत अळ्या टाकायचो आणि निघून जायचो, सकाळी बशी रिकामी. एक दिवस मात्र बशीत एक अळी उरली. एकच. दुसरा कुणी असता तर म्हणाला असता, पोट भरलं असेल. मी म्हणालो, याला एकटं वाटतंय. कारण मलाच एकटं वाटत होतं. दोनाखी गेल्यापासून जेवणाच्या टेबलावर चौथी खुर्ची तशीच राहायची आणि तिच्याकडे बघून माझा घास फिरायचा. तेव्हा मी ठरवलं की यापुढे मी आणि एलोते एकत्र जेवणार.

एवढाच निर्णय. पुढचं सगळं त्यातून झालं.

एलोतेची पेटी बैठकीच्या खोलीत कोपऱ्यातल्या फडताळावर असते. मी ताट आणि खुर्ची घेऊन समोर बसलो, पण कोपरा अंधारा, मला त्याचं तोंड नीट दिसेना. फडताळामागे विजेचं एकच भोक होतं आणि त्यात कशाची तरी वायर आधीच खोचलेली होती. ती मी काढून टाकली आणि माझा टेबलावरचा दिवा लावला. सगळं लख्ख दिसायला लागलं. मी नाक काचेला लावलं आणि म्हणालो, "हं, बाळा, चल. हा घास चिऊचा."

एलोतेने माझ्याकडे बघितलं. मी एलोतेकडे बघितलं. मग त्याने एक डोळा हळूच जिभेने चाटला, मागे वळला आणि आपल्या मातीच्या घरकुलात शिरला. नुसती शेपटी बाहेर राहिली.

त्या दिवशी बशीत सगळ्याच्या सगळ्या अळ्या उरल्या.

मी हट्टाला पेटणारा माणूस नाही. (कचेरीत मी कशालाच पेटत नाही.) पण बापाने एकदा शब्द दिला की दिला. दुसऱ्या दिवशी मी लवकर बसलो आणि उशिरापर्यंत बसलो. त्याला जेवणाची आठवण यावी म्हणून तोंड उघडं ठेवून चावून दाखवलं. अळी चिमट्यात धरून नाचवली. ओबदुलिया पिठाचे हात पुसत दारात उभी राहून हे बघत होती.

"एवारिस्तो, काय करतोयस?"

"त्याला भूक लागावी म्हणून."

"तुझं तोंड बघून माझी गेली, त्याची कशी लागेल?"

मी दुर्लक्ष केलं. लग्नाला बरीच वर्षं झाली की माणूस दुर्लक्ष करण्यात तरबेज होतो. पण एलोतेही माझ्याकडे दुर्लक्ष करायला लागला ते मला सहन होईना. त्याची शेपटी, जी आधी चांगली मुळ्यासारखी जाड होती, ती बारीक दिसायला लागली. ओबदुलिया म्हणाली, "तुला वाटतंय तसं." सासूबाई म्हणाल्या, "नाही, बारीक झालीय." सासूबाईंना असल्या गोष्टी लगेच दिसतात.

रोज रात्री दोनाखीचा फोन यायचा.

"बाबा, एलोते कसा आहे?"

"मजेत."

"जेवतोय ना?"

"जेवणाच्या वेळी मी समोरच असतो."

यात खोटं काय आहे सांगा. कचेरीत इतकी वर्षं काढल्यावर एवढं जमायलाच हवं. लगेच मी विचारायचो, "तू जेवलीस का? काय जेवलीस? किती? फोन जरा ताटाकडे कर बघू." त्यावर नेमका तिच्या फोनचा आवाज यायचा बंद व्हायचा. पुएब्लाला नेटवर्क चांगलं नाही.

शेवटी मी विचार केला की रोज उठून त्याच अळ्या, कोण खाईल? जीव कंटाळला असेल. आपण त्याला आपल्याकडचं काहीतरी चांगलंचुंगलं द्यावं. आणि वाहाकात चांगलंचुंगलं म्हणजे काय, तर तव्यावर लसूण, मीठ आणि लिंबू घालून भाजलेले नाकतोडे. किडे खाणाऱ्या प्राण्याला किड्यांचा एवढा मोठा थाट जगात दुसरीकडे कुठे मिळणार? मी बाजारात गेलो, सगळ्यात बारीक, कोवळे, लालसर नाकतोडे निवडून घेतले आणि बशीत मांडले. एलोते बाहेर आला. त्याने एक नाकतोडा चाटला. मग तो इतका जोरात शिंकला की त्याचे मागचे पाय उचलले गेले, आणि जो घरकुलात गेला तो शेपटीसकट.

"तिखट होते का?" मी ओबदुलियाला विचारलं.

तिने एक तोंडात टाकला. "थोडे. पण छान आहेत. इकडे दे."

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा नाकतोडेवालीसमोर उभा.

"जिवंत हवेत," मी म्हणालो.

"घरी भाजणार? बायकोला जमतं?"

"भाजायचे नाहीत. तसेच खायला."

तिने माझ्या तोंडाकडे नीट निरखून बघितलं. "डॉक्टरने सांगितलंय?"

"माझ्यासाठी नाहीत हो! पालीसाठी."

"पालीसाठी," ती शेजारच्या चीजवालीला म्हणाली, "ऐकलंस का, पालीसाठी. आमच्या घरात पाली स्वतः शोधून खातात." पण दुसऱ्या दिवशी तिने पिशवी आणून दिली. बारीक जाळीची, आत चांगले उड्या मारणारे, टणाटण नाकतोडे. कचेरीला उशीर होत होता. मी ती पिशवी स्वयंपाकघरात खिळ्याला अडकवली आणि संध्याकाळच्या विजयाची स्वप्नं बघत खिडकीवर जाऊन बसलो. त्या दिवशी मी तीन लोकांचं काम खरोखर करून टाकलं. साहेबांनी तब्येत विचारली.

आता आमच्याकडची रीत अशी की नाकतोडे आणल्या आणल्या भाजत नाहीत. जाळीच्या पिशवीत घालून खिळ्याला टांगतात, दिवसभर उपाशी ठेवतात, म्हणजे त्यांचं पोट साफ होतं. संध्याकाळी तवा. वाहाकातल्या कुठल्याही बाईला खिळ्याला टांगलेली पिशवी दिसली तर तिला काही सांगावं लागत नाही. आणि सासूबाई तर जन्मापासून वाहाकातल्या.

संध्याकाळी घरात शिरलो तो काय वास सुटलेला! सासूबाईंनी मोठी कडक मक्याची भाकरी केली होती, वर घेवड्याचं वाटण, चीज आणि त्यावर मूठमूठ नाकतोडे. मी ताट उचललं, एलोतेसमोर बसलो आणि त्याला दाखवून दाखवून खाल्लं. दुसऱ्यांदा मागून घेतलं. एवढंच नाही, तर मोठ्याने म्हणालो, "दोन्या तोमासा, हाताला चव आहे तुमच्या! लसूण जरा अजून चालला असता."

हात धुऊन मी स्वयंपाकघरात गेलो. खिळा होता. पिशवी नव्हती.

"इथली पिशवी कुठंय?"

सासूबाई तवा घासत होत्या. "कुठली? तुम्ही आणलेली? जावईबापू, इतक्या वर्षांत घरात काही आणायचं सुचलं तुम्हाला, मला किती बरं वाटलं म्हणून सांगू."

मी रिकाम्या खिळ्याला हात लावून बघितला. ओबदुलिया पदराला तोंड पुसावं तशी एप्रनला तोंड पुसत होती, कारण तिला हसू आवरत नव्हतं. "उपाशी जिवाच्या तोंडचा घास काढून खाल्लास," ती म्हणाली, "आणि वर म्हणतोस लसूण कमी पडला!"

त्या रात्री मला एलोतेच्या डोळ्यांना डोळा देता येईना. तरी समोर बसलोच. न बसून कसं चालेल?

मी हार मानली नाही. पुन्हा पिशवी आणली. या वेळी ती हातातून खाली ठेवली नाही, सरळ पेटीपाशी नेली आणि गाठ सोडली. एकच चूक झाली. आधी पेटीचं झाकण उघडायला हवं होतं. नाकतोडे बैठकीतून बेकरीत, बेकरीतून पिठात आणि पिठातून जिथे जायचं तिथे गेले. दुसऱ्या दिवशी एका गिऱ्हाईकाने गोड पावात एक काढून दाखवला. ओबदुलिया शरमेने अर्धी झाली. गिऱ्हाईक म्हणालं, "नवीन केलंत का? अजून चार द्या." पण तिने ते मनावर घेतलं नाही. त्या दिवसापासून मला पिशवी घेऊन घरात शिरायची बंदी झाली.

आणि तोवर ऑक्टोबर संपत आला होता.

आमच्याकडे मेलेली माणसं वर्षातून एकदा घरी जेवायला येतात. त्यांच्या थोडे दिवस आधी, सत्तावीस तारखेला, मेलेली जनावरं येतात. म्हणून त्याच्या आधी बैठकीच्या खोलीत आरास मांडायची. झेंडूची कमान, मेणबत्त्या, पाव, फळं, ऊद आणि गेलेल्यांचे फोटो. आमच्या आराशीत माझे सासरे असतात आणि खाली कापितान नावाचा कुत्रा. (दोघांच्या आयुष्यात मला जास्त चावलं कोण, हे सांगणं कठीण आहे.)

एक दिवस मी एलोतेसमोर बसलो असताना सासूबाई फोन घेऊन आल्या आणि त्यांनी खटकन फोटो काढला.

"कशाला हो?"

"असाच. आठवण."

मनात शंकेची पाल चुकचुकली, पण खऱ्या पालीपुढे तिच्याकडे बघायला मला वेळ नव्हता. दोन दिवसांनी बघतो तर कापितानच्या शेजारी नवी चौकट. फोटोत डावीकडे एलोते, उजवीकडे काचेला नाक लावून बसलेला मी. खालून दिव्याचा उजेड पडल्यामुळे गाल बसलेले, डोळे वटारलेले, रंग मेणासारखा.

"दोन्या तोमासा! तो जिवंत आहे अजून!"

"मी कुठे नाही म्हणते?" सासूबाई शांतपणे झेंडू ओवत होत्या. "तुमच्या सासऱ्यांनी जेवण सोडलं तेव्हासुद्धा मी चौकट आधीच आणून ठेवली होती. ऐन वेळी धावाधाव नको. या वर्षी नाही लागली तर पुढच्या वर्षी लागेल. चौकट काय आंबते?"

"मग ती काढून कपाटात ठेवा!"

"एकदा ऊद दाखवला की सण संपेपर्यंत उचलायची नाही. आणि रिकामी तर अजिबात ठेवायची नाही. रिकामी चौकट म्हणजे घरातल्याच कुणालातरी बोलावणं."

घरात सगळ्यात जवळचा उमेदवार मीच दिसत होतो. म्हटलं, असू दे. दोनाखी सणाला दोन दिवसांनी येणार, तोवर मी याला जेवायला लावणारच. एक अळी. फक्त एक अळी त्याच्या पोटात गेली की मी जिंकलो. मी कचेरीतून रजा घेतली. कारणाच्या जागी 'घरात आजारपण' लिहिलं आणि खुर्ची पेटीच्या आणखी जवळ ओढली.

त्याच संध्याकाळी ओबदुलियाने दोनाखीला फोन लावला. "बघ गं, कमान किती सुंदर झालीय या वर्षी," असं म्हणत ती फोन फिरवून आरास दाखवत होती. वरून खाली. झेंडू, पाव, आजोबा, कापितान...

फोनमधून अशी किंकाळी आली की बेकरीतलं गिऱ्हाईक आत डोकावलं.

"एलोते! आई, एलोते आराशीत आहे!"

"अगं, तो नाही, म्हणजे तो आहे, पण..."

"बाबाने मला फसवलं! रोज मजेत आहे म्हणत होता!"

मी धावत जाऊन पेटी उचलून फोनसमोर धरली. पण एलोते नेहमीप्रमाणे घरकुलात, नुसती शेपटी बाहेर, आणि ती हलेना. मी पेटी हलवली. त्याने ती आत ओढून घेतली. फोनवर रिकामी पेटी आणि घामाघूम झालेला मी. फोन बंद झाला. नंतर लावला तर उचलेना.

त्या रात्री मला फार वाईट वाटलं. विनोद बाजूला ठेवून सांगतो, फार वाईट. मी पेटीसमोर बसलो आणि त्याला म्हणालो, "बाबा रे, तुला माझ्याशी काय भांडण असेल ते असू दे. पण ती पोरगी घरी येणं तुझ्या हातात आहे. खा की जरा." तो आतच राहिला. आम्ही दोघंही त्या रात्री जेवलो नाही.

सकाळी दार धाडकन उघडलं. दोनाखी. पहिल्या बसने आलेली, केस विस्कटलेले, डोळे सुजलेले. ती माझ्याकडे न बघता सरळ पेटीकडे गेली, घरकुल उचललं, आणि खाली एलोते. तिच्याकडे बघून त्याने डोळा चाटला.

"जिवंत आहे!" ती म्हणाली आणि खाली बसून रडायला लागली. तिचं बघून मी रडायला लागलो. ओबदुलिया म्हणाली, "पावावर पाणी पाडू नका," आणि तीही रडली.

मग दोनाखीने पेटीखाली हात घातला आणि तिचं रडणं थांबलं.

"बाबा, पट्टी गार का आहे?"

"कुठली पट्टी?"

"पेटीखालची! त्याला ऊब देणारी! तिची वायर कुठंय?" तिने फडताळामागे वाकून बघितलं. विजेच्या भोकात माझा दिवा होता. पट्टीची वायर धुळीत लोळत होती. "बसस्टँडवर मी तुला तीनदा सांगितलं, दुसऱ्या कशालाही हात लाव पण या वायरीला लावू नकोस!"

"हो, हो," मी म्हणालो. सवयीने.

"त्याला पोटाला ऊब लागते, बाबा. पोट गार पडलं की अन्न पचत नाही, म्हणून तो खात नाही. तू त्याला थंडीत ठेवलंस, तोंडावर दिवा मारलास आणि वर समोर बसून मचमच करत जेवलास! रोज?"

"सोबत म्हणून..."

"पोलीस असंच करतात!"

ओबदुलियाने मान डोलावली. सासूबाईंनीही. फडताळावरून एलोतेनेही डोलावली असती, पण तो थंडीने गारठला होता.

दोनाखीने पट्टी लावली, माझा दिवा माझ्या हातात दिला आणि पिठाच्या पोत्याचं धुतलेलं फडकं घेऊन पेटीच्या तीन बाजू झाकल्या. मग माझ्या शेजारी बसली. तिचा आवाज जरा मऊ झाला होता.

"बाबा, तो घाबरतो. एवढं मोठं तोंड एकटक बघत असलं की कुणालाही घास जात नाही. मी लहान असताना तू माझ्यासमोरही असाच बसायचास, आठवतं? ताट संपेपर्यंत. मी घास गालात धरून ठेवायचे आणि तू उठलास की गिळायचे."

मला वाटायचं पोरगी सावकाश जेवते.

"म्हणजे मी..."

"तू काही करू नकोस," ती म्हणाली. "तुला खरंच त्याच्यासाठी काही करायचंय ना? मग या खोलीत येऊ नकोस. तो जेवायला लागेपर्यंत."

मी आयुष्यात पुष्कळ निर्धार केले, पण काहीही न करण्याचा निर्धार सगळ्यात अवघड. मी बेकरीच्या मागच्या खोलीत गेलो आणि ओबदुलियाच्या हाताखाली पावाची कणीक मळायला लागलो. सणाचा हंगाम, कामाला तोटा नव्हता. तिकडे दोनाखीने आराशीतली चौकट उघडली, "माझा एलोते मेलेल्यांत बसणार नाही," म्हणून कात्रीने त्याचा फोटो बरोबर कापून घेतला आणि आपल्या पाकिटात ठेवला. उरलेल्या अर्ध्या तुकड्याचं काय झालं ते मी विचारलं नाही. सणाच्या गडबडीत असलं कोण विचारतं?

दोन-तीन दिवसांत ऊब पोचली, पण एलोते काही जेवला नाही. रोज संध्याकाळी दोनाखी बशी ठेवायची, दबा धरून बसायची आणि नंतर आत येऊन नकारार्थी मान हलवायची. मी कणीक बडवायचो. ओबदुलिया म्हणाली, इतका हलका पाव या बेकरीत कधी झाला नव्हता.

मेलेल्या माणसांचा दिवस आला. दिवसभर आप्तेष्ट पाव आणि मेणबत्त्या घेऊन येत होते, आराशीपुढे उभे राहून जात होते. संध्याकाळी चोना आली. चोना म्हणजे दोनाखीची धर्ममाता, म्हणून आमची कोमाद्रे, म्हणजे मानलेली बहीणच. ती वर डोंगरातल्या गावात राहते, फोन वापरत नाही आणि वर्षातून या सणालाच खाली उतरते. मी दाराआड परातीत हात घालून उभा होतो. बाहेर जाऊन तिला मिठी मारायची फार इच्छा झाली, पण दोनाखी नुकतीच बशी ठेवून पेटीपाशी बसली होती. मी शब्द दिला होता.

चोना आराशीपुढे गेली. मग एकदम हुंदका.

"अरे देवा! हे कधी झालं?"

सासूबाईंना कानाने जरा कमी ऐकू येतं आणि त्या दिवसांत त्यांच्या डोक्यात एलोतेशिवाय दुसरा विषय नव्हता. "पाऊस संपता संपता सुरू झालं," त्या म्हणाल्या. "आधी जेवण तुटलं."

"जेवण तुटलं की संपलंच."

"दोनाखीला धावत यावं लागलं पुएब्लाहून."

"बिचारं लेकरू!"

माझ्या डोक्यात आत्ता प्रकाश पडला. मी दाराच्या फटीला डोळा लावला. आराशीत, सासरे आणि कापितान यांच्यामध्ये, मेणबत्तीच्या उजेडात, झेंडूच्या माळेखाली, चौकटीत मी होतो. एकटाच. डोळे वटारलेले. सासूबाईंनी चौकट रिकामी राहू नये म्हणून उरलेला तुकडा परत बसवला होता, आणि इतके दिवस त्या घरात जा-ये करणाऱ्या एकाही माणसाला त्यात वावगं दिसलं नव्हतं.

चोनाने माझ्यासमोर मेणबत्ती लावली आणि बरोबर आणलेला पाव माझं नाव घेऊन ठेवला. "सोन्यासारखा माणूस," ती म्हणाली. मला भरून आलं. "फक्त एक होतं. जेवायला बसलं की समोरच्याच्या ताटात बघत बसायचे. देवाघरच्या माणसाबद्दल बोलू नये, पण मला त्यांच्यासमोर कधी घास उतरला नाही."

"जावयांचं ना?" हे मात्र सासूबाईंना स्वच्छ ऐकू आलं. "माझं तर विचारूच नका. मी ताट घेऊन परसात जायची."

मी दाराच्या कडीला हात घातला. बस्स झालं. बाहेर जाऊन त्या दोघींसमोर उभं राहायचं, मग चोनाला झीट आली तरी चालेल. आणि तेवढ्यात फडक्याआडून दोनाखीचा दबलेला आवाज आला.

"श्श! कुणी हलू नका. दार उघडू नका. खातोय! एलोते खातोय!"

माझा हात कडीवरच राहिला. बाहेर सगळं शांत. मग अगदी बारीक, कुरकुरीत आवाज आला. मी इतके दिवस ज्या आवाजासाठी बसलो होतो तो हाच. मग दुसरा. मग दोनाखीचं हसू, लहानपणी हसायची तसं. मला बाहेर पळत जाऊन दोघांनाही मिठीत घ्यावंसं वाटत होतं, पण मी श्वासही मोठ्याने घेतला नाही. पोरगी हसतेय, पाल जेवतेय, त्यासाठी माणसाला थोडा वेळ मेलेलं राहायला काय जातं? मी राहिलो. एलोतेने बशी रिकामी करेपर्यंत आणि चोना डोळे पुसत गावाची बस पकडायला जाईपर्यंत राहिलो.

मग मी बाहेर आलो. भूक सपाटून लागली होती. आराशीसमोर माझ्या नावाचा पाव होता, गोल, चकचकीत, वर तीळ. मी हात पुढे केला तशी ओबदुलियाने तो उचलला, त्याचे तीन भाग केले आणि एक सासूबाईंना, एक दोनाखीला दिला. तिसरा तिने स्वतः तोंडात टाकला.

"अगं, माझ्या नावाचा आहे तो!"

"म्हणूनच," ती खाता खाता म्हणाली. "मेलेल्यांना नुसता वास पुरतो. आणि हे बघ एवारिस्तो, वास तिकडून घे. आम्ही जेवतोय."